स्टेडफास्ट, ठाम आणि निफाडचा माणूस

इंग्रजीतले काही शब्द आपल्याला कळतात, पण मराठीत सांगायला गेलं की जीभ अडखळते. 'स्टेडफास्ट' हा त्यातलाच एक. परराष्ट्र खात्यांच्या निवेदनांत तो असतो, निवृत्तीच्या निरोपाच्या भाषणात असतो, शोकसभेत तर हमखास असतो. मराठीत काय म्हणायचं? अढळ म्हटलं की ध्रुवबाळ डोळ्यांपुढे येतो. एकनिष्ठ म्हटलं की एक तर नवरा-बायको आठवतात, नाहीतर पक्षाचा कार्यकर्ता. निश्चल म्हटलं की दगड. अविचल म्हटलं की एखादे महाराज. मग उरतो तो आपला साधा, दोन अक्षरी 'ठाम'. मला वाटतं, तोच सगळ्यात जवळचा आहे. आणि गंमत म्हणजे तो नुसता अर्थानं जवळचा नाही, नात्यानंही जवळचा आहे. ते कसं, ते आधी सांगतो.

स्टेडफास्ट हा जोडशब्द आहे. 'स्टेड' म्हणजे जागा, ठिकाण. आजच्या इंग्रजीत हा शब्द एकटा फारसा फिरत नाही, पण 'होमस्टेड'मध्ये तो आहे आणि 'इन्स्टेड'मध्येही आहे. इन्स्टेड म्हणजे 'त्याच्या जागी'. आपणही 'त्याच्याऐवजी' या अर्थानं 'त्याच्या जागी' म्हणतोच की. 'फास्ट' म्हणजे घट्ट, पक्का. हो, तोच फास्ट, ज्याचा अर्थ आज आपण 'वेगानं' असा करतो. मूळ अर्थ वेग नव्हताच. घट्ट, जोर लावून, नेटानं असा होता. नेटानं पळणारा तो फास्ट पळणारा, असं म्हणता म्हणता नेट मागे पडला आणि वेग पुढे आला. उपवासालाही इंग्रजीत फास्ट म्हणतात, तोही याच घरातला. नेम घट्ट धरणं म्हणजे उपास. सकाळी तो सोडला की ब्रेकफास्ट! एकाच शब्दातून 'पक्का रोवलेला' आणि 'सुसाट सुटलेला' असे दोन उलटे अर्थ निघावेत, हे भाषेलाच जमतं.

तर स्टेडफास्ट म्हणजे जागेवर घट्ट. बस्स, इतकंच.

आता नात्याचं. 1786च्या फेब्रुवारीत कोलकात्यात सर विल्यम जोन्सनं एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान दिलं आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात असं सांगितलं. पुढच्या शंभर वर्षांत पंडितांनी ही नाती एकेक अक्षर जुळवून पक्की केली. त्यातलं एक फार मोठं कुटुंब आहे 'उभं राहणं' या धातूचं. संस्कृतात 'स्था', लॅटिनमध्ये 'स्तारे', इंग्रजीत 'स्टँड'. इंग्रजी 'स्टेड' आणि संस्कृत 'स्थिति' हे तर सख्खी भावंडं म्हणावीत इतके जवळचे. कॉन्स्टंट म्हणजे सतत तोच राहणारा, तोही स्तारेचाच वंशज. पर्सिस्ट, रेझिस्ट, इन्सिस्ट यांच्या शेपटीला जो 'सिस्ट' आहे, तो आपल्या 'तिष्ठति'चा भाऊ. सरकारी कचेरीत आपल्याला तासभर तिष्ठत ठेवतात ना, तेच ते तिष्ठणं!

मराठीत या कुटुंबाचा विस्तार विचारू नका. ठाव, ठिकाण, ठाण. ठाणं म्हणजे स्थानक. शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक ते आजचं ठाणे शहर. आणि आपला 'ठाम'ही याच गोत्राचा. 'निष्ठा'सुद्धा. 'नि' अधिक 'स्था', म्हणजे आत उभं राहणं, एखाद्या ठिकाणी रुजून राहणं. आपण निष्ठा म्हटलं की हात जोडलेला माणूस डोळ्यांसमोर आणतो. शब्द मात्र सांगतो की हात जोडणं त्यात नाहीच, पाय रोवणं आहे.

इंग्रजांच्या जुन्या वाङ्मयात हा शब्द भेटतो तो रणांगणावर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्समध्ये मॉल्डन नावाचं गाव आहे. तिथे 991 साली समुद्रावरून आलेल्या व्हायकिंग लुटारूंशी स्थानिक सैन्याची लढाई झाली. सेनापती बिर्ट्नॉथ पडला. काही जण घोड्यांवर बसून पळाले. उरलेले, आता जिंकण्याची आशा संपली हे पक्कं माहीत असूनही, आपल्या धन्याच्या देहाभोवती लढत उभे राहिले आणि मेले. या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी काव्यात हा शब्द सैनिकांसाठी येतो, आणि अगदी शब्दशः येतो. ते आपल्या जागेवरून हलले नाहीत.

म्हणजे सुरुवातीला शब्द जागेचा होता. मग जागेवरून तो माणसाकडे सरकला, धन्याशी टिकून राहणारा तो स्टेडफास्ट. मग धर्मश्रद्धेकडे, आणि मग मनाकडे. कवी कीट्सनं तर एका सुनीतात ताऱ्याच्या या गुणाचा हेवा केला. आपल्याकडे लग्नात वधूला ध्रुव दाखवतात, त्यामागचा भाव काही वेगळा नाही. पण खगोलशास्त्र इथे जरा खोडसाळपणा करतं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरा पुरा व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे ध्रुवपदावरचा तारा बदलत जातो. पावणेपाच हजार वर्षांपूर्वी तिथे कालेय तारकासमूहातला ठुबान होता. आजचा ध्रुवही ध्रुवबिंदूवर नेमका नाही, एका अंशाच्या आत-बाहेर तो बिंदूभोवती फिरतोच. अढळपदसुद्धा इतकंच अढळ!

असो. हे सगळं शब्दांचं झालं. शब्दाची खरी परीक्षा माणसावर लावून पाहिली की होते. मला त्यासाठी नेहमी एकच माणूस आठवतो, निफाडचा.

निफाड म्हटलं की आज लोकांना दोन गोष्टी आठवतात, द्राक्षं आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत राज्यातला नीचांकी पारा बऱ्याचदा इथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदला जातो आणि बातम्यांत निफाडचं नाव येतं. त्या रात्री बागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. अशाच जानेवारीत, 18 तारखेला, 1842 साली निफाडला महादेव गोविंद रानडे जन्मले. वडील गोविंदराव तिथे सरकारी नोकरीत होते. पुढे बिऱ्हाड कोल्हापूरला गेलं, आणि निफाड सुटलं ते सुटलंच. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत त्यांचं नाव आहे. मग कोल्हापूर, मुंबई, पुणे, नाशिक, धुळे, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई. 'जागेवर घट्ट' हा अर्थ लावायचा तर या माणसाला जागा अशी नव्हतीच. आयुष्यभर बदल्या.

आणि त्यातल्या एका बदलीतच निष्ठा या शब्दाची मोठी परीक्षा झाली.

1871 साली रानडे न्यायाधीश म्हणून पुण्याला आले. त्याच्या आदल्याच वर्षी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका तिचे प्राण होते. रानडे तिचा मेंदू झाले. 1876 ते 78च्या दुष्काळात सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सरकारी नोकर असलेला हा न्यायाधीश सरकारला आकडे दाखवून चुका सांगत होता. 1878 मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालूच होतं. रानड्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची पत्रं फोडून पाहिली जात. फडक्यांच्या नावानं खोटी पत्रं त्यांना येत, ती ते सरळ पोलिसांच्या हवाली करत. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910च्या पुस्तकात त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. शेवटी संशय फिटला, आणि 1881 मध्ये त्यांना मुंबईला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून हंगामी नेमणूक मिळाली.

सरकारला हवी होती ती 'लॉयल्टी'. मराठीत त्याला राजनिष्ठा म्हणायची पद्धत पडली. पण या इंग्रजी शब्दाचं मूळही पाहण्यासारखं आहे. 'लॉयल' हा फ्रेंचमधून आला आणि त्याच्यामागे लॅटिन 'लेगालिस' आहे. म्हणजे लॉयल आणि लीगल हे जुळे! लॉयल्टीच्या पोटात राजा नाही, कायदा आहे. रानड्यांनी ही गोष्ट शब्दकोशात पाहिली होती की नाही कुणास ठाऊक, पण ते वागले मात्र तसेच. कायदा मोडायचा नाही, आणि कायद्यानं जे विचारता येतं ते विचारायचं सोडायचं नाही. साहेबाला हे समजायला दोन वर्षं लागली.

इथवर सगळं छान आहे. शाळेच्या पुस्तकात शोभेल असं. पण लेख इथेच थांबवला तर तो खोटा होईल.

कारण हाच माणूस 1873 मध्ये वाकला होता. विधवाविवाहाच्या चळवळीत रानडे पहिल्यापासून होते. त्या वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. वय एकतीस. सगळ्या सुधारकांचं लक्ष लागलं होतं, आता हे विधवेशी लग्न करतील. वडिलांनाही तीच भीती होती, म्हणून त्यांनी घाईनं मुलगी पाहिली. रानड्यांनी विरोध करून पाहिला आणि शेवटी मान तुकवली. वधू अकरा वर्षांची होती. विष्णुशास्त्री पंडितांनी पुढच्याच वर्षी स्वतः विधवेशी लग्न केलं, त्यामुळे ही उणीव आणखीच ठळक दिसली.

दुसरा प्रसंग पंचहौद मिशनचा. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातल्या मिशनमध्ये एक सभा झाली. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता कप हाती धरला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. टिळक त्यात होते, रानडेही होते. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. बहिष्कारामुळे काही मित्रांच्या घरांत लेकीबाळींचे, श्राद्धपक्षाचे अडथळे उभे राहिले, आणि 1892 मध्ये त्या मित्रांना सोबत म्हणून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहासाठी, हायकोर्टाच्या उंबरठ्यावर पोचलेल्या माणसानं! आगरकरांसारख्यांना हे अजिबात रुचणारं नव्हतं. आगरकर आपल्या मतावर ताठ उभे राहिले, हलाखी सोसली आणि चाळिशीही न गाठता 1895 मध्ये गेले. मॉल्डनच्या त्या सैनिकांचा शब्द लावायचा तर तो आगरकरांना लागतो.

मग रानड्यांना ठाम म्हणायचं कसं?

मी या प्रश्नाशी बरेच दिवस अडलो आहे. एक सोपं उत्तर असं की थोर माणसांचेही पाय मातीचे. ते मला पटत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. दुसरं उत्तर असं की ती त्यांची युक्ती होती, दोन पावलं मागे आणि चार पुढे. तेही पूर्ण खरं नाही. 1873 मध्ये काही डावपेच नव्हता, वडिलांपुढे मुलगा हरला होता. त्याची किंमत त्यांनी नाही, एका अकरा वर्षांच्या मुलीनं दिली. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पुढे गेलं की दुसरी एक गोष्ट दिसते. रानडे जिथे वाकले ते प्रसंग त्यांच्या स्वतःच्या घरातले, जातीतले, प्रतिष्ठेचे आहेत. पण जे उभं करायला घेतलं ते त्यांनी सोडलेलं दिसत नाही. 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती पुण्यात अजून दर वसंतात भरते. 1878 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचं संमेलन भरलं, आजचं साहित्य संमेलन आपला वंश तिथूनच सांगतं. 1884 मध्ये मुलींसाठी हुजूरपागा शाळा निघाली. 1887 पासून सामाजिक परिषद दरवर्षी काँग्रेसच्या जोडीनं भरू लागली. 1895 मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात ही परिषद भरू देणार नाही असा हट्ट झाला, तेव्हा रानडे मांडवासाठी भांडत बसले नाहीत. त्यांनी दुसरा मांडव घातला, पण परिषद भरवलीच. त्याच सुमारास सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली. पंचवीस वर्षांची मेहनत हातची गेली. दुसरा एखादा कडवट होऊन घरी बसला असता. रानड्यांनी 1896 मध्ये गोखल्यांना घेऊन डेक्कन सभा काढली. पुन्हा पहिल्यापासून.

आता परत शब्दाकडे या. 'संस्था' हा शब्दही 'स्था'चाच आहे. आणि 'इन्स्टिट्यूशन'ही त्याच लॅटिन घराण्यातला. एकाच कुळातल्या या दोन शब्दांचा अर्थ एकच, उभं केलेलं काहीतरी. माणूस उभा राहतो तो ठाम, आणि माणूस जे उभं करतो ती संस्था. रानड्यांचा ठामपणा पहिल्या प्रकारचा थोडा कमी होता, दुसऱ्या प्रकारचा फार होता. स्वतः वाकून का होईना, बांधलेलं पडू द्यायचं नाही.

या संस्थांतही सगळ्यांना जागा होती असं नाही, हेही सांगायला हवं. 1885 मध्ये ग्रंथकार सभेचं निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवलं. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक माणसांचे हक्क सर्वांना द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा रोख होता. ठामपणाचं याहून स्वच्छ उदाहरण त्या काळात शोधावं लागेल. उभं राहायचं, पण कुणाच्या बाजूला, हा प्रश्न जोतीरावांनी विचारला आणि तो रास्त होता.

त्या अकरा वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं? रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला पाटी हाती दिली. मराठी झालं, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच खपत नव्हतं. दिवसभर टोमणे ऐकायचे, उलट बोलायचं नाही, आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडायचं, असं तिनं वर्षानुवर्षं केलं. 16 जानेवारी 1901ला रानडे गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, विधवांना आणि परित्यक्तांना शिकवून पायावर उभं करायला. 'पायावर उभं करणं'... पाहा, मराठीत आपण सहज बोलतो तोही वाक्प्रचार उभं राहण्याचाच निघाला. नवऱ्याला 1873 मध्ये जे जमलं नाही, त्याचं उत्तर त्याच लग्नातल्या मुलीनं छत्तीस वर्षांनी दिलं, असं मला वाटतं. तिच्या ठामपणाला ना रणांगण होतं ना सभा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मूठभर जागा होती, पण ती तिनं सोडली नाही.

शेवटची एक तारीख सांगतो. 18 जानेवारी 1943. रानड्यांची 101वी जयंती. पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. 'रानडे, गांधी आणि जिना' या नावानं ते भाषण पुढे प्रसिद्ध झालं. बाबासाहेब विभूतिपूजेच्या सक्त विरोधात होते आणि त्या दिवशीही त्यांनी ते सांगितलं. तरी रानड्यांचं मोठेपण त्यांनी मान्य केलं. सरकारला आव्हान देणाऱ्यापेक्षा समाजाला आव्हान देणाऱ्याला जास्त धैर्य लागतं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि पंचहौदची हकीकत माहीत असणाऱ्याला तो दोन्ही बाजूंनी लागतो. सरकारच्या संशयापुढे न डगमगलेले रानडे समाजापुढे वाकले होते. तरीही त्याच समाजात राहून ते त्याच्याशी तीस वर्षं झगडत राहिले, हेही तितकंच खरं.

आणि बाबासाहेबांना त्या दिवशी बोलावलं होतं कुणी? डेक्कन सभेनं. 1896 मध्ये, सगळं हातचं गेल्यावर, चोपन्न वर्षांच्या रानड्यांनी पुन्हा पहिल्यापासून उभी केलेली तीच. ती 47 वर्षांनीही उभी होती आणि तिनं आपल्या संस्थापकाची परखड चिकित्सा करू शकेल अशाच माणसाला बोलावलं होतं.

निफाडला आज रानड्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे. तिथल्या मुलांना 'स्टेडफास्ट' शिकवायची वेळ कधी आली, तर गुरुजींनी ध्रुवबाळाची गोष्ट जरूर सांगावी. पण तिच्यासोबत या वाकलेल्या माणसाचीही सांगावी, आणि रात्री पुस्तक उघडणाऱ्या त्या मुलीची सांगायला विसरू नये. तारा होणं आपल्यापैकी कुणाच्या हाती नसतं. रोज उठून तेच काम पुन्हा हाती घेणं बऱ्याच जणांना जमण्यासारखं आहे.